व्हिडिओ पाहून ऑर्केस्ट्रेशन येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पियानो बऱ्यापैकी वाजवता येतो, हार्मनीचा पाया झालेला आहे, संगणकावर सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या मुद्रित स्वरांचा संच) वापरून छोट्या रचना करता, आणि ऑर्केस्ट्रेशनचे, म्हणजे रचना ऑर्केस्ट्रातल्या वाद्यांमध्ये वाटून लिहिण्याचे, व्हिडिओ बराच काळ नेमाने पाहत आला आहात. पाहताना सगळं पटतं. स्वतः लिहायला बसलं की मात्र तंतुवाद्यांना कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर), हॉर्नला चाल आणि खाली टिंपनी, यापलीकडे काही सुचत नाही. तेव्हा हे व्हिडिओंवरून शिकता येतं का, की पुस्तकं आणि विद्यापीठ यांना पर्याय नाही? आणि महागडी लायब्ररी घेतली तर फरक पडेल का?

व्हिडिओंवरून वाद्यं शिकता येतात आणि फार छान शिकता येतात. ऑर्केस्ट्रेशन मात्र त्यावरून येत नाही. ते निर्णय घेण्याचं काम आहे आणि व्हिडिओत तो निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो. आपण फक्त मान डोलावतो. तुमच्याकडे माहिती कमी नाही, उलट गरजेपेक्षा जास्तच असेल. लिहिलेली पानं कमी आहेत.

आधी व्हिडिओंचं श्रेय व्हिडिओंना देऊ. गज घोडीजवळ नेऊन वाजवला की व्हायोलिनचा आवाज कसा काचेसारखा होतो, फ्लूटवर जीभ थरथरवत वाजवलेला स्वर कसा लागतो, म्यूट लावलेला ट्रम्पेट हळू आणि जोरात किती वेगळा वाटतो, हे कुठल्याही पुस्तकाने कागदावर कधीच नीट सांगितलेलं नाही. पूर्वी त्यासाठी वादकांशी ओळख काढावी लागे. आता बसून नावाच्या फुंकवाद्याचा वादक स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन अमुक दोन स्वरांमधला ट्रिल (दोन स्वर भराभर आलटून-पालटून वाजवणं) का जमत नाही ते बोटं दाखवून समजावतो. लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राने तर वादकांकडून वाद्यांची ओळख करून देणारे व्हिडिओ आणि सुट्या स्वरांचे नमुने मोफत ठेवले आहेत. माझा सल्ला असा, की संगीतकारांच्या व्हिडिओंपेक्षा वादकांचे व्हिडिओ जास्त पाहा. आणि तालमीचे पाहा. कंडक्टर कुठे थांबतो, कुणाला दाबायला सांगतो, कुणाला ‘ऐकू येत नाही’ म्हणतो, हे अर्धा तास पाहिलंत तर तोल, म्हणजे कुठलं वाद्य किती ऐकू यावं, या विषयावरचं एक प्रकरण वाचल्यासारखं आहे.

‘दहा मिनिटांत भव्य आवाज’ छापाच्या व्हिडिओंबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. त्यात शिकवतात ते ध्वनिमिश्रण: कुठला थर कुठे चढवायचा, रिव्हर्ब (घुमारा) किती, काय दाबायचं. ते कसब खरं आहे, चित्रपटाच्या कामात पोट भरणारं आहे, पण ते वेगळं कसब आहे.

आणि मायक्रोफोनपासून सावध राहा. व्हिडिओत फ्लूटवादक बसलेला असतो एकटा, मायक्रोफोन वीतभर अंतरावर, आणि मधल्या सीपासून वरचं ते पहिलं सप्तक काय मखमली वाटतं! सभागृहात त्याच स्वरांवर दोन हॉर्न आणि व्हायोलांचा एक थर आला की फ्लूट गायब. फ्रेंच संगीतकार डेब्युसीने 1894 च्या ‘फॉन’ या ऑर्केस्ट्राच्या रचनेत पहिली चाल फ्लूटला दिली तेव्हा खाली कोणालाही ठेवलं नाही, हे स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या स्वरलिपीत) बघून घ्या. ओबोचं उलटं आहे. त्याचे अगदी खालचे स्वर हळू वाजवणं कठीण, जाड आणि ठसठशीत येतात. तिथे ‘पियानिसिमो’ (अगदी हळू) लिहिणाऱ्याकडे ओबोवादक कसा पाहतो ते एकदा अनुभवा. क्लॅरिनेट मात्र शून्यातून स्वर उगवून दाखवू शकतो. म्हणून फक्त ‘या वाद्याची व्याप्ती इथून तिथपर्यंत’ हे पाठ करण्यात फारसं हशील नाही. प्रत्येक वाद्याच्या प्रत्येक पट्ट्याचा स्वभाव वेगळा असतो, आणि निम्मा अभ्यास त्या स्वभावाचा आहे.

आता मुख्य काम. जी रचना आधी पियानोसाठी लिहिली गेली आणि नंतर तिचं ऑर्केस्ट्रेशन झालं, तीच शिकायला सर्वांत चांगली, कारण प्रश्न आणि उत्तर दोन्ही तुमच्या हातात असतात. अशा रचना पुष्कळ आहेत. ग्रीगची ‘होलबर्ग’ स्वीट 1884 मध्ये पियानोसाठी झाली आणि 1885 मध्ये त्याने स्वतःच ती तंतुवाद्यांसाठी लिहिली. द्वोर्झाकच्या ‘स्लाव्होनिक’ नृत्यांचा पहिला संच 1878 मध्ये चार हातांच्या पियानोसाठी होता आणि त्याच वर्षी ऑर्केस्ट्रासाठीही आला. ब्राम्सची हायडनच्या नावाने ओळखली जाणारी व्हेरिएशन्स 1873 ची, दोन पियानो आणि ऑर्केस्ट्रा अशा दोन्ही रूपांत. जुने स्कोअर 2006 पासून आयएमएसएलपी या ऑनलाइन ग्रंथालयात मोफत मिळतात. तुमच्या देशात त्या रचनेचा कॉपीराइट संपला आहे ना, तेवढं पाहून घ्या.

तुम्हाला मी ग्रीगपासून सुरू करायला सांगेन, कारण पाचच ओळी आहेत आणि रंगांचा मोह नाही. पियानोची प्रत उघडा, त्यातल्या साराबांद या भागाचे आठ-दहा बार (मात्रांचे गट) घ्या आणि तंतुवाद्यांसाठी लिहा. ग्रीगची आवृत्ती आधी ऐकायची नाही. लिहून झालं की मूळ स्कोअर शेजारी ठेवा आणि प्रत्येक फरकाला कारण शोधा. चेलोला त्याने वर का चढवलं? डबल बेस इथे का थांबवला? एका विभागाचे दोन भाग कधी केले, परत एकत्र कधी आणले? कारण लिहून काढा, मनात ठेवू नका. पहिल्या प्रील्यूडमध्ये तर हा धडा फारच स्पष्ट आहे. पियानोवर हातांना सोयीची अशी विखुरलेली आकृती आहे, ती तंतुवाद्यांवर जशीच्या तशी उतरत नाही. ग्रीग ती उतरवतही नाही. तो तिच्यातली धाव तेवढी ठेवतो आणि गजाला आवडणाऱ्या, एकाच स्वरावर घोळणाऱ्या लयीत तिला नव्याने लिहितो. हे एकदा हाताला कळलं की ‘पियानोचा डावा हात चेलोला, उजवा व्हायोलिनला’ ही सवय आपोआप सुटते. शेवटच्या रिगोडाँमध्ये एकल व्हायोलिन आणि एकल व्हायोला संपूर्ण समूहासमोर उभे केले आहेत. फक्त पाच ओळींत किती जागा आहे ते तिथे दिसतं.

मग मुसॉर्ग्स्की आणि रावेल. मुसॉर्ग्स्कीची ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही पियानोची चित्रमालिका 1874 ची. कंडक्टर कुसेविट्स्कीच्या मागणीवरून रावेलने 1922 मध्ये तिचं ऑर्केस्ट्रेशन केलं, आणि ते इतकं गाजलं की अनेकांना मूळ रचना पियानोची आहे हेच ठाऊक नसतं. ‘जुना किल्ला’मध्ये आल्टो सॅक्सोफोन, ‘बिडलो’ (बैलगाडी) या चित्रात ट्युबाची एकल चाल, दोन माणसांच्या संवादात एकाला एकसुरातली जड तंतुवाद्यं आणि दुसऱ्याला म्यूट लावलेला ट्रम्पेट, ही उदाहरणं कुठल्याही व्हिडिओत मिळतील. व्हिडिओत सहसा न येणारी गोष्ट वेगळी आहे. मुसॉर्ग्स्कीच्या हस्तलिखितात ‘बिडलो’ पहिल्या स्वरापासून जोरात आहे. रावेलसमोर रिम्स्की-कोर्साकोव्हने संपादित केलेली प्रत होती आणि तिच्यात ती बैलगाडी लांबून हळूहळू जवळ येते. रावेलने तेच रंगवलं. शिवाय चित्रांच्या मधे परत परत येणाऱ्या ‘प्रॉमनाड’ या तुकड्यांपैकी एक त्याने गाळला. म्हणजे ज्याला आपण आदर्श उत्तर समजतो ते एका विशिष्ट प्रतीवर, एका विशिष्ट माणसाने घेतलेले निर्णय आहेत. याच रचनेचं कंडक्टर स्टोकोव्स्कीचं 1939 चं रूप ऐका. रावेलची सुरुवात एकट्या ट्रम्पेटने आणि मग ब्रासच्या (पितळी वाद्यांच्या) समूहाने होते, स्टोकोव्स्की तीच चाल तंतुवाद्यांकडून सुरू करतो. दोन्ही पटतात. आता तिसरं उत्तर तुम्ही लिहा, आणि ते पहिल्या दोघांपेक्षा दुबळं ठरलं तर का ठरलं हे शोधा.

उलट दिशेचं कामही तितकंच करा. मोठा टुट्टी (सगळा ऑर्केस्ट्रा एकत्र वाजवतो तो) भाग घ्या, वीस-बावीस ओळींचा, आणि तो तीन-चार ओळींत उतरवा. बहुतेक वेळा आत खरे आवाज तीन किंवा चारच निघतात: चाल, बेस, मधलं भरण, फार तर एखादी प्रतिचाल. बाकी सगळी दुप्पट-तिप्पट केलेली रूपं. ही दुपटी कोण कुणाला देतो, कुठल्या सप्तकात देतो, मधलं कुठलं सप्तक मोकळं सोडतो, यात संगीतकाराची सही असते. सरकत्या स्कोअरचे व्हिडिओ या कामाला उपयोगी नाहीत, कारण नजर चालीबरोबर धावते आणि बाकी अठरा ओळी निसटतात. व्हिडिओ थांबवा, पान छापून घ्या, पेन्सिल घ्या. जमल्यास ते पान हाताने उतरवा. कंटाळवाणं आहे, कबूल, पण ज्या विश्रांतीच्या खुणा वाचताना दिसत नाहीत त्या उतरवताना दिसतात. कोण वाजवत नाही आणि कधीपासून वाजवत नाही, हे ऑर्केस्ट्रेशनचं मोठं अंग आहे.

कान आणि कागद एकत्र का लागतात, याचं माझं आवडतं उदाहरण रावेलच्याच 1928 च्या ‘बोलेरो’त आहे. मध्यावर एका फेरीत चाल अशा आवाजात येते की हे कुठलं वाद्य असा प्रश्न पडावा, ऑर्गनसारखं काहीतरी. स्कोअर उघडला की दिसतं: चाल हॉर्नकडे सी या स्वरपट्टीत, सेलेस्टा वरच्या सप्तकांत तीच चाल, आणि दोन पिकोलो, एक जीमध्ये तर दुसरा चक्क ईमध्ये, समांतर. कागदावर तीन स्वरपट्ट्या एकाच वेळी, म्हणजे गोंधळ. कानाला मात्र एकच नवं वाद्य. तानपुरा ऐकून वाढलेल्या कानाला हे समजावायला फार वेळ लागू नये: षड्जाच्या तारेतून जसे पंचम आणि स्वयंभू गंधार वर उमटतात, तसे रावेलने हॉर्नच्या स्वरातले पंचम-गंधार बाहेरून, दुसऱ्या वाद्यांकडून वाजवून घेतले. अट एवढीच की ते हॉर्नपेक्षा हळू राहिले पाहिजेत. एक पिकोलो जोरात वाजला की जादू संपून चूक ऐकू येते.

हाच उपस्वरांचा हिशेब खालच्या टोकालाही लागतो. खाली अंतरं मोठी, वर जवळ. चेलो आणि बेसच्या तळाशी तिसऱ्या स्वराचं अंतर ठेवलं की चिखल होतो. तुमच्या ‘तंतुवाद्यांना कॉर्ड’ पद्धतीत हेच होत असणार, कारण पियानोवर डाव्या हातात ते चालून जातं. अजून एक कटू गोष्ट सांगतो. माझ्याकडे ‘ऑर्केस्ट्रेशन दुरुस्त करा’ म्हणून जे स्कोअर येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ऑर्केस्ट्रेशनचा दोषच नसतो. मधले आवाज जागच्या जागी उभे असतात, व्हॉइस लीडिंग (प्रत्येक आवाजाची स्वतःची सहज वाटचाल) नसते, दुसऱ्या क्लॅरिनेटला वाजवण्याजोगं काहीच नसतं. असं पान कितीही रंगवलं तरी फिकंच राहतं. काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र चालींची रचना) कच्चा असेल तर तो याच्याबरोबरीने सुरू करा.

पुस्तकांबद्दल. एक आधुनिक पाठ्यपुस्तक पायाला ठेवा, ज्याच्यासोबत उदाहरणांची ध्वनिमुद्रणं आहेत असं. सॅम्युअल अ‍ॅडलरचं, 1982 पासून आवृत्त्या निघत आलेलं, मी बहुतेकांना सुचवतो. ते सलग वाचायचं नाही. या आठवड्यात व्हायोला लिहितो आहोत तर व्हायोलाचं प्रकरण. बर्लियोझचा 1844 चा ग्रंथ आनंदासाठी वाचा, ओफिक्लाइड या कालबाह्य वाद्यावरची पानं न वाचता उलटलीत तरी चालेल. रिम्स्की-कोर्साकोव्हचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1913 मध्ये निघाला आणि त्यातली सगळी उदाहरणं त्याच्या स्वतःच्या रचनांतली आहेत. हे त्याचं बळ आहे आणि मर्यादाही. त्यातला तोलाचा हिशेब पाठ असावा असा आहे: जोरात वाजताना एक ट्रम्पेट किंवा ट्रोम्बोन म्हणजे दोन हॉर्न, आणि एक हॉर्न म्हणजे दोन वुडविंड (फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून). हळू वाजताना मात्र सगळे साधारण सारखे. तो हिशेब आजही कामाला येतो, पण आजचे ट्रोम्बोन आणि ट्युबा त्या काळच्यापेक्षा रुंद नळीचे आहेत, तेव्हा ब्रासच्या बाजूला थोडं जास्तच वजन धरा.

सॅम्पल लायब्ररीचा धोका वेगळाच आहे. ती कधी ‘नाही’ म्हणत नाही. सोळा व्हायोलिनांचा पॅच (तयार आवाज) उघडून तीन स्वरांचा कॉर्ड दाबला की अठ्ठेचाळीस व्हायोलिनं वाजतात. खऱ्या विभागात तोच कॉर्ड सोळा जण वाटून घेतील आणि प्रत्येक स्वराला पाच-सहाच उरतील. लायब्ररीतल्या हॉर्नला श्वास लागत नाही. तिथल्या व्हायोलिनवर सर्वांत खालचा जी आणि त्याच्या वरचा बी एकदम वाजतात, जरी खऱ्या वाद्यावर दोन्ही स्वर एकाच तारेवर असतात आणि एकदम वाजणं शक्य नाही. साध्या टेनर ट्रोम्बोनवर बी फ्लॅटहून लगतच्या बीवर जायला नळी पहिल्या स्थानावरून थेट सातव्यावर, म्हणजे हात पूर्ण ताणून, न्यावी लागते; संगणकाला ते अर्ध्या स्वराचं अंतर दिसतं. झडपवाल्या ट्रोम्बोनवर ही अडचण सुटते, पण ती कधी आणि कशी सुटते हे लिहिणाऱ्याला माहीत हवं. हार्पचंही तेच: सात पेडल, प्रत्येकाची तीन स्थानं, करंगळी वापरत नाहीत, तेव्हा एका हाताला एकावेळी चार स्वर. तुम्ही आनंदाने लिहिलेला क्रोमॅटिक रन (सगळ्या अर्ध्या स्वरांवरून धावणारी ओळ) पाहून हार्पवादक पेन खाली ठेवेल.

म्हणून सरावापुरता एक नियम पाळा. लिहा नोटेशनमध्ये (स्वरलिपीत), सीक्वेन्सरमध्ये (स्वर वाजवून मुद्रित करायच्या प्रोग्रॅममध्ये) नाही, आणि फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीला) हात लावू नका. चाल ऐकू येत नसेल तर स्वर बदला, सप्तक बदला, वाद्य बदला, खालचं भरण विरळ करा. फेडर चढवून सुटलेला प्रश्न सभागृहात पुन्हा समोर येतो. प्लेबॅकवरही पूर्ण विश्वास नको, खालचा फ्लूट तिथेही लबाडी करतो, पण निदान तुम्ही स्वतः लबाडी करणार नाही.

हॉर्नबद्दल एक छोटी गोष्ट, कारण तुम्ही तेच जास्त वापरता. चार हॉर्न असतील तर परंपरेने पहिला आणि तिसरा वरचे, दुसरा आणि चौथा खालचे. कॉर्ड वरून खाली पहिला-दुसरा-तिसरा-चौथा असा न वाटता पहिला-तिसरा-दुसरा-चौथा असा वाटतात. एफमधला हॉर्न लिहिल्यापेक्षा पाचव्या स्वराच्या अंतराने खाली ऐकू येतो, हे माहीत असेलच. आणि प्रत्येक भव्य चाल त्यांना देऊ नका. तीच चाल एकदा चेलो आणि बसूनला देऊन पाहा.

विद्यापीठ लागतं का? पदवी हवी असेल तर लागतं. शिकायला लागते ती दोन माणसं. एक, जो तुमचं पान वाचून लाल खुणा करेल. हे दर आठवड्याला नको, काही पानं साठली की पुरे, पण ते माणूस हवं, कारण स्वतःच्या स्कोअरमध्ये आपल्याला आपल्या मनातलं ऐकू येतं, कागदावरचं नाही. दुसरं, वादक. पूर्ण ऑर्केस्ट्रा कुणाला सहज मिळत नाही, पण एक चेलोवादक मिळतो, चौकडी मिळू शकते. त्यांना ‘हे वाजेल का?’ विचारू नका. चांगला वादक हो म्हणतो आणि घरी जाऊन घाम गाळतो. ‘तुम्ही हे कसं लिहिलं असतं?’ असं विचारा. त्यांना दिलेला पार्टही (त्या वाद्यापुरती स्वरलिपी) नीट हवा: तालमीत जागा सांगायची अक्षरं, लांब विश्रांतीनंतरचे क्यू (इशाऱ्यासाठी छापलेले दुसऱ्या वाद्याचे स्वर), पान उलटायला उसंत. तालमीचा वेळ यावर वाया जातो आणि तुमच्या हार्मनीवर कोणाचं लक्षच राहत नाही.

राहिली महागडी लायब्ररी. आत्ता घेऊ नका. म्यूझस्कोर हा स्वरलिपी लिहायचा प्रोग्रॅम मोफत आहे आणि 2022 च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्याच्यासोबत मोफत मिळणारे ऑर्केस्ट्राचे आवाज सरावाला पुरेसे आहेत. चित्रपटाचं किंवा खेळांचं काम मिळायला लागलं आणि निर्मात्याला ऐकवण्यापुरतं ध्वनिमुद्रण बनवावं लागलं, की तेव्हा घ्या. तोपर्यंत कुठल्या लायब्ररीचे कुठले पॅच तुमच्या लिहिण्याला उपयोगी आहेत हेही तुम्हाला कळू लागलेलं असेल.